घराण्यातली साखर

२००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही अंगाने बेताचे. उंची आणि वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे वजनकाट्याच्या लेखी दोघे सारखेच सडपातळ. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या कोड्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ असं नाव पडलं, आणि भारतीय माणूस बारीक दिसूनही मधुमेहाच्या वाटेवर कसा असतो हे दाखवायला तो फोटो आजही वापरतात.

आपल्या घरांत या विषयावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक : ‘आमच्या घराण्यातच शुगर आहे, आज ना उद्या मलाही होणारच.’ दुसरं : ‘मी कुठे जाड आहे? मला कशाला होतेय शुगर?’ पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच सोफ्यावर बसलेली सख्खी भावंडं बोलतात. पहिल्यात थोडं खरं आहे, दुसऱ्यात त्याहून कमी. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहिले तर देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांत सगळ्यांत वर गोवा, २६.४ टक्के. एवढ्या लोकांचं आयुष्य ज्यावर टांगलंय, ते ‘घराण्यातलं’ म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घ्यायलाच हवं.

गुणसूत्रांचा हात यात आहे, याबद्दल शंका उरलेली नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. त्यांना आठवड्यातले सहा दिवस गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या, असे एकूण ८४ दिवस. सगळे देखरेखीखाली एकाच ठिकाणी राहत होते, त्यामुळे चोरून खाणं किंवा पळायला जाणं शक्यच नव्हतं. प्रत्येकाच्या पोटात ८४,००० कॅलरी जास्तीच्या गेल्या. १९९० साली निष्कर्ष छापून आले : कुणाचं वजन फक्त ४.३ किलोने वाढलं होतं, कुणाचं १३.३ किलोने. आणि जोडीतल्या एका भावाचं जेवढं वाढलं, साधारण तेवढंच दुसऱ्याचं. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीच्या बाबतीत तर भावाभावांतलं साम्य आणखी ठळक होतं. तेव्हा ‘ती काहीही खाते, तरी अंगाला लागत नाही’ अशी कुणाबद्दल तक्रार झाली तर ती खोटी समजू नये. त्याचप्रमाणे वजन न हटणाऱ्या माणसाला आळशी, हावरट म्हणून हिणवणंही थांबवायला हवं. यात माणसाच्या स्वभावाचा दोष शोधणं हा सरळ अन्याय आहे.

पण मग वजन किती टक्के आनुवंशिक? जुळ्यांच्या अभ्यासांतून बीएमआयसाठी ४० ते ७० टक्के असा आकडा येतो, आणि इथेच वाचणाऱ्याची गफलत होते. ७० टक्के म्हणजे माझ्या ७० किलोंतले ४९ किलो आईवडिलांनी दिले आणि उरलेले मी वाढवले, असा त्याचा अर्थ होत नाही. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक गुणसूत्रांमुळे आहे, एवढंच तो आकडा सांगतो. काळ बदलला की आकडाही बदलतो. वजनाशी नातं असलेलं एफटीओ हे जनुक २००७ साली सापडलं. त्याचं वजन वाढवणारं रूप आई आणि वडील दोघांकडूनही मिळालं असेल तर युरोपीय माणसाचं वजन सरासरी तीन किलोने जास्त भरतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान् पिढ्या चाललेल्या हृदयविकाराच्या पाहणीतली माहिती संशोधकांनी पुन्हा चाळली. १९४२ पूर्वी जन्मलेल्यांत एफटीओ आणि वजन यांचा संबंध जवळजवळ दिसतच नव्हता, नंतर जन्मलेल्यांत तो ठळकपणे दिसत होता. जनुक तेच होतं. खाणं, काम, प्रवास, घरातली यंत्रं हे सगळं मात्र बदललं होतं. उलट बाजूही तशीच आहे : दोन लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०११ साली दिसलं, की अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओमुळे येणारा लठ्ठपणाचा धोका साधारण २७ टक्क्यांनी सौम्य होतो.

एफटीओचं नाव गाजलं, पण त्याच्यासारखी बारीकसारीक कामं करणारी शेकडो ठिकाणं आपल्या गुणसूत्रांवर आहेत. मधुमेहापुरतं बोलायचं तर २०२४ साली २५ लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून अशी ६११ ठिकाणं नोंदली गेली. सामान्यपणे आढळणाऱ्यांत सगळ्यांत जोरकस टीसीएफ७एल२. आइसलंडमधल्या संशोधकांनी ते २००६ साली दाखवलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याचं केईएम आणि हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था यांनी मिळून भारतीयांतही ते तितकंच प्रबळ असल्याचं सिद्ध केलं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जेवणानंतर किती तत्परतेने इन्सुलिन सोडतात, यावर त्याचा परिणाम होतो. एवढं सगळं खरं असूनही या जोरकस जनुकाचं एक धोकादायक रूप माणसाचा धोका सुमारे १.४ पटच वाढवतं. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असणं याहून कितीतरी जास्त सांगून जातं. म्हणूनच थुंकी तपासून ‘तुमचा मेटाबॉलिक नकाशा’ देणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवण्याआधी आत्या, मामा, आजी यांना कुठल्या वयात काय झालं ते एका कागदावर लिहून काढावं. शिवाय हे नकाशे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले असतात आणि आपल्याकडे ते तेवढे नेमके लागू पडत नाहीत. सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकांचं वाचन करणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची माहिती संशोधकांसाठी २०२५ च्या सुरुवातीला खुली झाली. ही उणीव आता कुठे भरून यायला लागली आहे.

मात्र काही घराण्यांत शेकडो ठिकाणांचा प्रश्नच नसतो, एकच जनुक सगळं ठरवतं. अशी घराणी थोडी असली तरी तिथे जनुकाची तपासणी उपचारच बदलून टाकते. १९९७ साली इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध झाली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. चरबीतून मेंदूला ‘पुरे झालं’ असा निरोप देणारं लेप्टिन त्यांच्या शरीरात बनतच नव्हतं. पोरं सतत भुकेने रडायची. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर त्या मुलीचं वजन वर्षभरात १६ किलोंनी उतरलं. तिच्या आईवडिलांनी तोवर काय काय ऐकून घेतलं असेल, कल्पनाही करवत नाही.

जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणाऱ्या बाळांचंही असंच. त्यांना टाइप १ समजून आयुष्यभर इन्सुलिन टोचलं जायचं. त्यांतल्या बऱ्याच जणांत बीटा पेशीवरच्या एका झडपेचं जनुक बिघडल्याने हे घडतं, असं २००४ साली उमगलं. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं आणि साध्या, स्वस्त सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर साखर आटोक्यात आली. ग्लुकोकायनेज जनुकात दोष असलेल्या माणसाची उपाशीपोटीची साखर जन्मभर किंचित वर राहते, आणि त्याला बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते. कोलेस्टेरॉलचंही एक घराणं असतं. सुमारे २५० ते ३०० माणसांमागे एकाचं ‘एलडीएल’, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लहानपणापासूनच चढं असतं, ऐन चाळिशीत, कधी तिशीतच हार्ट अटॅक येतो, आणि घरचे म्हणतात, ‘साधा होता हो, तेलकट खातसुद्धा नव्हता.’ अशा घरातल्या मुलांची तपासणी वेळेवर झाली तर स्टॅटिनसारख्या गोळीने धोका खूप कमी करता येतो. लायपोप्रोटीन (ए) नावाचा आणखी एक घटक जवळजवळ पूर्णपणे जनुकावरच ठरतो. भारतीयांत तो पुष्कळदा जास्त असतो आणि पथ्याने फारसा हलत नाही. आयुष्यात एकदा मोजून ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे.

जनुकांचा एक परिणाम तर थेट लॅबच्या कागदावर होतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच आनुवंशिक दोषाचे वाहक पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवरच्या २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं, की साखर तेवढीच असताना सिकलसेलच्या वाहकांची एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी येते. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असली तरी आकडा खोटा कमी दाखवतो, आणि लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया त्याला खोटा वर नेतो. गडचिरोलीतल्या बाईच्या आणि कोथरूडमधल्या बाईच्या रिपोर्टवर ६.३ हाच आकडा असला तरी त्याचा अर्थ एक असेलच असं नाही. शंका आली तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर तपासून खातरजमा करावी लागते.

आता पुन्हा त्या फोटोतल्या चरबीकडे वळू. चरबी वाईट, अशी आपली ठाम समजूत झाली आहे. सामोआ बेटांवर २०१६ साली सापडलेल्या एका जनुकाने ती मुळापासून हलवली. तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांत सीआरईबीआरएफ या जनुकाचं एक खास रूप आहे. प्रशांत महासागरातल्या बेटांबाहेर ते जवळपास नाहीच. या रूपामुळे माणूस चांगलाच जाड होतो, पण मधुमेहाचा धोका कमी होतो! याचं कारण चरबी कुठे साठते यात आहे. कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. ती मोठी असेल तर जास्तीचं अन्न तिथे सुखरूप राहतं. ती लहान असेल तर लवकर भरते, आणि मग चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती सांडू लागते. तिथे ती इन्सुलिनचं काम बिघडवते. आपल्यातल्या अनेकांची कणगी लहान आणि सांडणं लवकर, असं आज मानलं जातं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली गेली, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा असं ठरलं. शिंप्याकडची टेप या बाबतीत वजनकाट्यापेक्षा जास्त खरं बोलते.

ही लहान कणगी आणि आतली चरबी येते कुठून, याचा माग घेणारं आपल्याकडचं सर्वांत मोलाचं काम पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत झालं. १९९३ साली केईएमच्या पथकाने अवर्षणग्रस्त भागातल्या या गावांतल्या बायकांची नोंद घ्यायला सुरुवात केली. दिवस जाण्याआधीपासूनच. सरासरी उंची १५२ सेंटीमीटर, वजन ४२ किलोंच्या आसपास, शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या. बाळ जन्मलं की पथक घरी पोचायचं, वजन घ्यायचं आणि एका छोट्या चिमट्याने दंडामागची आणि खांद्याच्या पात्याखालची कातडीची घडी धरून तिची जाडी मोजायचं. हेच मोजमाप इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचंही झालेलं होतं. तिथलं बाळ सरासरी ३.५ किलो, इथलं २.७. पोट, दंडाचा स्नायू, लांबी, सगळंच इथल्या बाळाचं कमी. फक्त खांद्याच्या पात्याखालची घडी तेवढी फारशी कमी नव्हती! हातात धरवणार नाही इतकं हडकुळं बाळ, आणि तरी स्नायूंच्या मानाने चरबी जास्त. पन्नाशीतल्या भारतीय माणसाची ठेवण जन्माच्या दिवशीच त्या बाळात होती. वडापाव, टीव्ही, ऑफिसची खुर्ची यांतलं काहीही त्याच्या वाट्याला यायच्या आधी.

मग हे जनुकांत असणार, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्याच गावांतल्या नोंदी वेगळं बोलत होत्या. ज्या बायकांच्या ताटात पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा येत होती, त्यांची बाळं अंगाने जरा मोठी होती. उलट शेतातली आणि घरातली जड कामं जास्त करणाऱ्यांची बाळं लहान. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, कारण ते मिळतं ते दूध, अंडी, मांस-मासळी यांतूनच, आणि बाईच्या वाट्याला दूध येतं ते चहापुरतं. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फॉलेट हे दुसरं बी जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वांत जास्त प्रतिरोध दिसला. बी-१२ आणि फॉलेट मिळून डीएनएवर मिथाइलच्या छोट्या खुणा लावण्याच्या कामाला कच्चा माल पुरवतात. कुठलं जनुक जागं ठेवायचं आणि कुठलं झोपवायचं, हे त्या खुणांवर ठरतं. अक्षरं तीच राहतात, पण वाचन बदलतं. हा आनुवंशिकतेचा दुसरा रस्ता. घराण्यातून येतो तोही, पण जनुकांच्या अक्षरांतून न येता आईच्या ताटातून येतो.

हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतल्या ६१९ जणांची ग्लुकोज तपासणी झाली. जवळजवळ निम्मी, ४८ टक्के, कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेली होती. ज्यांची अठराव्या वर्षी जास्त होती, त्यांची सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. हे आकडे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. ‘जास्त खाल्ल्याने शुगर होते’ हे वाक्य या मुलांसमोर उच्चारायची कुणाची छाती होईल?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जनुक आणि गर्भ हे दोन रस्ते एकमेकांपासून अगदी सुटे नाहीत. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांनी १९९८ साली दाखवलं, की मघाच्याच ग्लुकोकायनेजचा दोष बाळात आला तर ते जन्मतः सुमारे अर्धा किलो कमी भरतं. कारण पोटात असताना बाळाला वाढवणारं मुख्य संप्रेरक इन्सुलिनच असतं. तोच दोष आईत असेल तर तिची चढलेली साखर बाळाला जास्त पोसते आणि ते तेवढंच जास्त भरतं. म्हणजे कमी वजन आणि पुढचा मधुमेह ही एकाच जनुकाची दोन फळंही असू शकतात. पुण्याच्या गावांत यातला वाटा कुणाचा किती, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

हल्ली मोबाइलवर एक चित्रफीत फिरते : इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळांनी भारतीयांचे जीन्सच बदलले, म्हणून आपल्याला मधुमेह. ऐकायला पटतं. जेम्स नील यांनी १९६२ साली मांडलेल्या ‘काटकसरी जनुका’च्या कल्पनेची ही आपल्याकडची आवृत्ती. पण दुष्काळांनी निवडलेलं असं कुठलंही जनुक भारतीयांत सापडलेलं नाही, आणि शेदीडशे वर्षं हा अशा निवडीसाठी फार तोकडा काळ आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या कुपोषणाचा ठसा उरतो याला मात्र आधार आहे, तोही पुण्यातूनच. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांवर डॉ. आनंदवर्धन हार्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी काम केलं आणि २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. हे उंदीर लहानखुरे होते, त्यांच्यात बी-१२ कमी होतं आणि मधुमेह आणणाऱ्या रसायनाला ते सहज बळी पडत. पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घातलं, तरी हे सुधारलं नाही. उंदरांवरून माणसांचं सगळं ठरवता येत नाही. पण एका पिढीला पोटभर अन्न मिळालं की प्रश्न मिटला, असं समजण्यात अर्थ नाही, एवढं यातून नक्की कळतं.

म्हणून पुण्याच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं ते आईच्याही आधीच्या वयात. १९९३ नंतर त्या सहा गावांत जन्मलेली हीच मुलंमुली सतरा वर्षांच्या आसपास असताना, २०१२ साली, ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड सगळ्यांनाच. त्याखेरीज काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं आणि दुधाची भुकटी, तर काहींना यातलं काहीच नाही. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे नखावरही दिसणार नाही इतकं. पुढे मुलींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली. बी-१२ घेतलेल्या मुलींच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात ते जास्त आढळलं. जन्मवजनात मोठा फरक पडला नाही, पण नुसतं बी-१२ घेतलेल्या गटातली मुलं दोन-चार वर्षांची असताना समज आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली. त्यांच्या साखरेचं काय होतं ते कळायला ही नातवंडं मोठी व्हावी लागतील. त्यांच्या आज्यांची पहिली नोंद तीस वर्षांपूर्वी ज्या संशोधनात झाली, त्याच संशोधनात आता त्यांचीही मोजमापं घेतली जात आहेत.